तेव्हा हा अल्बम माझ्यापर्यंत का आला नाही?

पत्र लिहिणाऱ्या गृहस्थांनी नुकतीच पन्नाशी ओलांडली आहे. कॉलेजात असताना, नव्वदच्या दशकात, त्यांनी आणि त्यांच्या एका मित्राने अल्टरनेटिव्ह रॉक पोटभर ऐकलं. एकाने कुठूनतरी अल्बम मिळवायचा, साठ मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर उतरवायचा आणि दुसऱ्याला द्यायचा. मित्र कॅसेटच्या कार्डावर हिरव्या शाईने गाण्यांची नावं लिहायचा. पुढे नोकरी लागली, संसार झाला, ऐकणं मागे पडलं. अडीच महिन्यांपूर्वी फोनवर एक ओळखीचं गाणं संपलं आणि ॲपने आपणहून पुढचं लावलं: लॉस एंजेलिसच्या फेल्युअर या बँडचं ‘अनदर स्पेस साँग’. ते ज्या अल्बममधलं आहे तो ‘फॅन्टॅस्टिक प्लॅनेट’ १९९६ सालचा. तेव्हा हे बावीस वर्षांचे होते आणि त्या अल्बमचं नावही त्यांच्या कानावर आलं नव्हतं.

आता रोज रात्री, घरचे झोपले की, एक-दीड वाजेपर्यंत हेडफोनवर तोच अल्बम चालू असतो. शेवटचं ‘डेलाइट’ लागलं की डोळे भरून येतात, असं ते लिहितात. कॉलेजच्या ग्रुपवर त्यांनी दहा-बारा वेळा लिंक टाकली. बहुतेक जण काहीच बोलले नाहीत. एकाने लिहिलं, ‘एवढा भारी असता तर तेव्हाच गाजला असता.’ कॅसेटवाल्या मित्राने नुसता अंगठा पाठवला. पत्नी म्हणतात, ‘तुला गाणी नकोयत, तुला बावीस वर्षांचा तू परत हवायस.’

त्यांचे प्रश्न असे: हे मला खरंच आवडलंय, की मी जुन्या दिवसांना कवटाळून बसलोय? इतकी चांगली गोष्ट इतकी वर्षं हुकली, ही रुखरुख जात नाही, तिचं काय करू? आणि या बिचाऱ्या विसरल्या गेलेल्या बँडसाठी माझ्याकडून काही होण्यासारखं आहे का?

*

तुमचं पत्र वाचलं आणि उत्तराला हात घालण्याआधी अल्बम ऐकला. एका बैठकीत, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत. दोन दिवसांनी पुन्हा ऐकला. सतरा ट्रॅक, सुमारे ६८ मिनिटं. मधे ‘सेग्वे’ नावाचे तीन छोटे बिनशब्दांचे तुकडे आहेत. ते एका गाण्यातून दुसऱ्यात इतक्या अलगद नेतात की मधेच उठावंसं वाटत नाही. ‘द नर्स हू लव्हड मी’ सुरू होतं तेव्हा कोणी शेजारी बसून हळू आवाजात काही सांगतंय असं वाटतं, आणि मग गिटारी अशा चढतात की तो हळू आवाज त्यांच्याखाली दबतो, पण बुडत नाही. तिथे मी खुर्चीत सावरून बसले. तेव्हा सगळ्यात आधी हे सांगते: तुमच्या कानांनी तुम्हाला फसवलेलं नाही. अल्बम चांगला आहे.

आता तुमच्या ग्रुपवरच्या त्या वाक्याकडे येते, कारण मला वाटतं ते तुम्हाला तुम्ही कबूल करता त्यापेक्षा जास्त लागलं आहे. ‘एवढा भारी असता तर तेव्हाच गाजला असता.’ ऐकायला हे अगदी व्यवहारी वाटतं. त्यात गृहीत धरलेलं असं आहे की गाणी आणि श्रोते यांच्यामध्ये कोणीच उभं नसतं, चांगलं आपोआप वर येतं आणि उरलेलं खाली बसतं. प्रत्यक्षात मध्ये बरंच काही उभं असतं. रेकॉर्ड कंपनी असते, माल दुकानापर्यंत पोचवणारा वितरक असतो, रेडिओ असतो, साप्ताहिकांतले समीक्षक असतात. यातल्या एकाचं जरी बिनसलं, तरी अल्बम तिथेच बसून राहतो.

बिग स्टार या मेम्फिसच्या बँडची हकिकत घ्या. त्यांचा पहिला अल्बम १९७२ मध्ये आला. समीक्षकांनी भरभरून लिहिलं. वाचून लोक दुकानात गेले, तर दुकानात रेकॉर्डच नव्हती. तो ज्यांच्यामार्फत विकला जायचा त्या स्टॅक्स कंपनीच्या वितरणाचं गाडं रुतलेलं होतं. तिसऱ्या अल्बमचं ध्वनिमुद्रण १९७४ मध्ये झालं आणि तो बाहेर आला १९७८ मध्ये. बँडचा एक संस्थापक, ख्रिस बेल, त्याच वर्षी सत्ताविसाव्या वर्षी अपघातात गेला. आपल्या गाण्यांचं पुढे काय होणार आहे हे त्याला कळलंच नाही. पुढच्या पिढीतल्या आर. ई. एम. आणि रिप्लेसमेंट्ससारख्या बँडनी बिग स्टारला जवळजवळ गुरुस्थानी मानलं. गाणी १९७२ मध्ये होती तीच होती, एक सूरही बदललेला नव्हता.

इंग्लंडच्या स्लोडाइव्हचं वेगळंच झालं. त्यांचा ‘सुव्लाकी’ १९९३ मध्ये दुकानात होता, पण तिकडच्या संगीत साप्ताहिकांनी तो झोडपून काढला. त्या वेळी तिथे दुसऱ्याच गोष्टीची हवा होती आणि धुक्यासारख्या पसरणाऱ्या गिटारी कोणाला नको होत्या. १९९५ मध्ये पुढचा अल्बम आला आणि लगोलग कंपनीने बँडला निरोप दिला. मग २०१४ मध्ये ते पुन्हा एकत्र आले, २०१७ मध्ये नवा अल्बम काढला, आणि समोर उभे होते ते बरेचसे ‘सुव्लाकी’ निघाला तेव्हा जन्मालाही न आलेले श्रोते. केंटकीतल्या स्लिंटची तर गोष्टच संपली होती: ‘स्पायडरलँड’ १९९१ मध्ये बाहेर येईपर्यंत बँड मोडलेला होता. त्या रेकॉर्डची बाजू घेऊन फिरणारं कोणी उरलंच नव्हतं.

फेल्युअरच्या बाबतीतही असंच काहीतरी मधे आलं. १९९१ च्या सप्टेंबरात निर्वाणा या बँडचा ‘नेव्हरमाइंड’ हा अल्बम आला आणि जानेवारी १९९२ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी गिटारवाल्या बँडची अक्षरशः पोती भरली. त्या लाटेत फेल्युअरलाही जागा मिळाली. त्यांनी ‘फॅन्टॅस्टिक प्लॅनेट’ भाड्याच्या घरात, बाहेरचा निर्माता न घेता, स्वतःच रेकॉर्ड केला. तो तयार झाला तेव्हा त्यांच्या स्लॅश या रेकॉर्ड कंपनीचाच पाय घसरत होता. मागची मोठी कंपनी आणि स्लॅश यांचे संबंध बदलत होते, त्यात तयार अल्बम अडकून पडला. बाहेर आला ऑगस्ट १९९६ मध्ये, आणि तोवर लाट ओसरायला लागली होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेत दूरसंचार कायदा बदलला आणि एका कंपनीने देशभरात किती रेडिओ केंद्रं घ्यावीत यावरची मर्यादा उठली. केंद्रं मूठभर मालकांकडे जायला लागली. नव्या, अवघड गाण्याला तिथे शिरकाव कसा मिळणार? १९९७ मध्ये बँड फुटला.

अल्बमच्या रचनेतही एक गोष्ट आहे. रेडिओसाठी निवडलेलं गाणं ‘स्टक ऑन यू’. ते डोक्यात अडकून बसलेल्या गाण्याबद्दलचं गाणं आहे, आणि खरोखरच अडकतं. पण ते अल्बममध्ये पंधरावं आहे! दुकानात उभ्या उभ्या दोन-तीन गाणी चाळून सीडी परत ठेवणाऱ्या माणसाच्या कानावर ते पडणारच नव्हतं. बँडने ते पुढे आणलं नाही, अल्बमच्या कथनात त्याची जागा तिथेच ठेवली. मला हा निर्णय फार आवडतो. तो त्यांना महागात पडला असावा, असंही वाटतं.

तेव्हा मित्राच्या वाक्याला तुमच्याकडे उत्तर आहे. ते ग्रुपवर द्यायला मात्र जाऊ नका. वाद जिंकून कोणाला अल्बम आवडत नाही. आणि उलट टोकालाही जाऊ नका. दुर्लक्षित आहे म्हणजे थोर आहे, असं मानण्याची चूक या शोधात पडलेली पुष्कळ माणसं करतात. त्या दशकात निघालेल्या आणि आज कोणाला न आठवणाऱ्या रेकॉर्डपैकी बऱ्याच न आठवण्यासारख्याच होत्या. मी त्यातल्या काही हौसेने शोधून ऐकल्या आहेत.

आता रुखरुखीबद्दल. ‘माझी अठ्ठावीस-एकोणतीस वर्षं वाया गेली,’ असं तुम्ही लिहिलंय. हा हिशेब मला पटत नाही, आणि त्याचं कारण तुमच्याच पत्रात आहे. तुम्ही दोघं कॅसेट उतरवायचा ती साठ मिनिटांची. अल्बम आहे अडुसष्ट मिनिटांचा. तो तुम्हाला १९९६ मध्ये मिळाला असता, तर त्या कॅसेटवर शेवटचं बसलंच नसतं. एका बाजूला तीस मिनिटं, दुसऱ्या बाजूला तीस, आणि मग टेप खट्‌कन थांबली असती. ज्या ‘डेलाइट’ने तुमचे डोळे भरतात ते तुमच्यापर्यंत आलंच नसतं. मित्राने हिरव्या शाईत लिहिलेल्या यादीत ते नाव नसतं, आणि असं काही गाणं आहे हे तुम्हाला कळलंही नसतं.

समजा पूर्ण मिळाला असता. बावीस वर्षांच्या तुमच्याकडे त्याला द्यायला काय होतं? तुम्हीच लिहिलंय की तेव्हा आठवड्याला तीन-चार नव्या कॅसेट व्हायच्या आणि जे पहिल्या ऐकण्यात पकडायचं नाही ते बाजूला पडायचं. ‘अनदर स्पेस साँग’सारखं संथ, तरंगत राहणारं गाणं तुम्ही पुढे ढकललं असतं अशी मला दाट शंका आहे. तुमच्या हातून एक अल्बम निसटला, हे खरं. पण जे तुम्हाला आज मिळतंय तेच तेव्हा मिळणार होतं आणि ते कोणी हिरावलं, असं नाही. आज ऐकणारा माणूस वेगळा आहे, त्याला थांबता येतं.

आणि सापडलं कसं तेही बघा. ॲपने आपणहून लावलं, याची तुम्हाला जराशी लाज वाटते असं पत्रात जाणवलं, जणू शोध तुमचा नाहीच. पेव्हमेंट या बँडचं ‘हार्नेस युवर होप्स’ हे गाणं त्यांच्या मुख्य अल्बममध्ये घेतलंही नव्हतं. १९९९ मध्ये एका ईपीवर, म्हणजे मोजक्या गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डवर, जोडगाणं म्हणून गेलं होतं. स्ट्रीमिंगवर ते असंच एकामागून एक आपोआप वाजत गेलं आणि आज त्यांच्या सगळ्या गाण्यांत सर्वांत जास्त तेच ऐकलं जातं. यंत्राने लावलं असेल, पण यंत्र रोज शेकडो गाणी लावतं. त्यातल्या एकापाशी तुम्ही थांबलात आणि अल्बमचं नाव शोधलंत. तेवढं तुमचंच आहे.

आता तुमच्या पत्नींचं म्हणणं. त्या अर्ध्या बरोबर आहेत असं मला वाटतं. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी आणि गाणी माणसाला आयुष्यभर जास्त जवळची राहतात, हे मानसशास्त्रज्ञांनी पुन्हा पुन्हा पाहिलेलं आहे. तुमचा कान नव्वदच्या गिटारींवर घडला. तो जाड, थरांवर थर दिलेला आवाज, हळू कडवं आणि अंगावर येणारं ध्रुवपद, ही तुमच्या कानाची बोली आहे. लहानपणीची बोली एखाद्या परक्या माणसाच्या तोंडी अचानक ऐकू आली की आपण त्याच्याकडे वळतोच. तसे तुम्ही वळलात. पण तो माणूस काय बोलतोय ते नवीन आहे. या अल्बमशी तुमची एकही आठवण जोडलेली नाही, ना हॉस्टेल, ना परीक्षा, ना कुणाचा चेहरा. नुसत्या आठवणींचं वेड असतं, तर तुम्ही तेव्हाचे तुमचे आवडते अल्बमच पुन्हा लावले असते. ते तर तुम्ही दोन दिवसांत बाजूला ठेवलेत, असं तुम्हीच लिहिलंय.

शिवाय एखाद्या काळातलं संगीत आवडायला त्या काळात असावंच लागतं असंही नाही. २०१३ साली कॅरल क्रुमहान्सल यांनी अमेरिकेत केलेल्या एका अभ्यासात विशीतल्या मुलांना आपल्या आईवडिलांच्या तरुणपणीच्या गाण्यांबद्दलही खास ओढ दिसून आली होती.

तरी शंका जात नसेल तर एक साधा प्रयोग करा. नुसतं पुन्हा पुन्हा समोर येण्यानेही गोष्ट आवडायला लागते, हे रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्येच दाखवलंय. अडीच महिने रोज रात्री एकच अल्बम म्हणजे त्या परिणामाला पूर्ण वाव. तेव्हा पंधरा दिवस तो बंद ठेवा. दुसरं काहीही ऐका, किंवा काहीच नको. सोळाव्या दिवशी, सकाळी, पूर्ण जागेपणी, पहिल्यापासून लावा. मी हे स्वतः स्लोडाइव्हच्या बाबतीत केलं आहे. ‘सुव्लाकी’ माझ्याकडे तब्बल वीसेक वर्षं उशिरा आला आणि महिनाभर मी दुसरं काही ऐकलंच नाही. मग मुद्दाम थांबले. परत लावला तेव्हा दोन गाणी मनातून उतरली, उरलेली होती तिथेच राहिली. त्या दोन गाण्यांचं मला वाईट वाटलं नाही. उरलेली आता माझी आहेत हे मात्र पक्कं कळलं.

पत्नींच्या म्हणण्यातलं दुसरं अर्ध मात्र गाण्यांबद्दल नाही. तुम्ही रोज रात्री घर झोपल्यावर दीड वाजेपर्यंत एकटे, कानावर हेडफोन लावून, डोळे पुसत बसता. बाजूच्या माणसाला काय दिसत असेल? तुमच्याजवळ काहीतरी आहे आणि त्यात तिला जागा नाही. तुमच्या पत्नी अल्बमविरुद्ध बोलत नाहीयेत, दाराबाहेर उभ्या राहून बोलताहेत. त्यांना अल्बम आवडला पाहिजे असं अजिबात नाही. एका संध्याकाळी, दिवे चालू असताना, स्पीकरवर, एकच गाणं लावा आणि ते ऐकताना तुम्हाला काय होतं ते सांगा. गाण्याची थोरवी सांगू नका, स्वतःचं सांगा. त्यांनी ‘ठीक आहे’ म्हटलं तरी चालेल.

आणि आवाज किती ठेवता? हे मी प्रत्येक रॉक ऐकणाऱ्याला विचारते, रागवू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने मोठ्या माणसाला ८० डेसिबल आवाजात आठवड्याला ४० तास ऐकणं सुरक्षित आहे. आवाज तीन डेसिबलनी वाढला की वेळ निम्मा होतो. ९० डेसिबलला आठवड्याचे जेमतेम चार तास उरतात, आणि तुम्ही तर आठवड्याला दहा-बारा तास ऐकताय. असे अल्बम ऐकताना बोट हळूहळू वर सरकत जातं. फोनमध्ये आवाजाला मर्यादा घालण्याची सोय असते, ती आजच लावा. कानात शिट्टीसारखं वाजायला लागलं असेल तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा. हे संगीत तुम्हाला अजून बरीच वर्षं ऐकायचं आहे.

बँडबद्दल तुम्ही ‘बिचारे’ म्हणालात. तो शब्द मागे घ्या, कारण ते बिचारे नाहीत. तुम्हाला ते विसरलेले वाटले कारण तुमच्या ग्रुपवर कोणाला ठाऊक नव्हते. पण २००३ मध्येच अ परफेक्ट सर्कल या बँडने ‘द नर्स हू लव्हड मी’ आपल्या अल्बमवर घेतलं होतं. ‘स्टक ऑन यू’ पॅरामोरने गायलं. संगीतकारांमध्ये हा अल्बम हातोहात फिरत होता. बँडमधला केन अँड्र्यूज दुसऱ्यांच्या अल्बमचं मिक्सिंग करणारा नावाजलेला तंत्रज्ञ झाला, ग्रेग एडवर्ड्सने ऑटोलक्स नावाचा बँड काढला. आणि २०१४ मध्ये फेल्युअर पुन्हा उभा राहिला. २०१५, २०१८ आणि २०२१ मध्ये त्यांचे नवे अल्बम आले. तुम्ही अडीच महिने एकाच अल्बमभोवती फिरताय, आणि पलीकडे त्याच माणसांनी पन्नाशीकडे झुकताना केलेलं काम तुमची वाट बघत पडलंय.

त्यांच्यासाठी काही करायचंच असेल, तर जे नवं आहे ते थेट बँडकडून विकत घ्या. स्ट्रीमिंगवर हजारदा ऐकूनही कलाकाराच्या हाती फार थोडं पडतं. लिलावाच्या साइटवर १९९६ ची मूळ सीडी वाटेल त्या किमतीला घेण्याचा मोह होईल. ती घेण्यात गैर काही नाही, पण त्या पैशातला छदामही बँडला जात नाही, तो आधीच्या मालकाला जातो. पुढे अशा कुठल्याही जुन्या अल्बमची पुनर्प्रकाशित आवृत्ती घ्याल तेव्हा दोन मिनिटं मूळ रेकॉर्डिंगशी ताडून बघा. नवी मास्टरिंग, म्हणजे आवाजावरचा शेवटचा हात, करताना सगळं एकसारखं मोठं करून टाकण्याची खोड बरीच वर्षं होती, आणि ज्या अल्बमचा जीव हळू आणि मोठ्याच्या फरकात आहे तो त्यात गुदमरतो.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं त्याकडे येते. तुमच्या पत्रात अल्बमबद्दल दोन पानं आहेत आणि मित्राबद्दल पाच ओळी. त्या पाच ओळींत हिरवी शाई आहे. त्याचं वळणदार ‘एस’ आहे. कॅसेट देताना तो पहिलं गाणं कधीच सांगायचा नाही, हे आहे. आणि शेवटी, ‘त्याने फक्त अंगठा पाठवला.’ ग्रुपवरच्या बाकीच्या सगळ्यांच्या गप्प बसण्याने तुम्हाला जे झालं नाही ते त्या अंगठ्याने झालं.

तुम्हाला जी चुटपुट लागली आहे ती १९९६ मध्ये अल्बम हुकल्याची आहे, असं मला वाटत नाही. तुम्हाला काहीतरी सापडलं, आणि ते ज्याला द्यायला पळत जायचं तो माणूस तुमच्या रोजच्या आयुष्यात राहिलेला नाही. अकरा वर्षांत नीट बोलणं नाही, असं तुम्ही कंसात लिहिलंत. कंसात! भांडण झालेलं नाही, फक्त राहून गेलं. म्हणून तुम्ही तीच लिंक दहा-बारा वेळा चाळीस जणांसमोर टाकत राहिलात, त्यातल्या एकाने वाचावी म्हणून.

त्याच्या बाजूने अंगठ्याकडे बघा. दुपारी कामाच्या मधे फोन वाजतो, ग्रुपवर पुन्हा एक लिंक, चाळीस जणांना उद्देशून. अंगठा ही त्या लिंकची पोच आहे. तुम्ही त्याला कॅसेट दिलीच नाहीत. कॅसेट एकाच माणसासाठी असायची. उतरवायला खरोखरचा एक तास लागायचा, आणि घेणाऱ्याला ठाऊक असायचं की हा तास माझ्यासाठी घातलाय.

तेव्हा ग्रुपवर लिंक टाकणं थांबवा. हे मी अशाच अवस्थेतल्या सगळ्या वाचकांना सांगते, कारण अशी पत्रं मला अधूनमधून येतात. कोणाला संगीत ऐकवायचं असेल तर एका वेळी एक माणूस आणि एक गाणं. ते गाणं त्याच्याकडे बघून निवडा, तुमचं सर्वांत आवडतं असेल तेच हवं असं नाही. ‘ऐकलंस का?’ म्हणून मागे लागू नका. मी बहिणीला एकदा गाडीत ‘सुव्लाकी’ पूर्ण ऐकवला, दर गाण्याला तिच्या तोंडाकडे बघत. ती बिचारी काय बोलणार? ‘छान आहे’ म्हणाली आणि मी दोन दिवस फुरंगटून बसले. चार महिन्यांनी तिनेच फोन करून विचारलं, त्यातलं ते मधलं एक गाणं होतं ना, त्याचं नाव काय.

तुमच्या मित्राला मेसेज करू नका, फोन करा. अल्बमचं कारण सांगायला हरकत नाही, पण पहिल्या दहा मिनिटांत नको. तो कसा आहे ते विचारा. अकरा वर्षांत बरंच झालेलं असेल, त्याच्याकडेही आणि तुमच्याकडेही. कदाचित त्याने संगीत ऐकणं सोडलं असेल, कदाचित भलतंच काही ऐकत असेल. फेल्युअर त्याला अजिबात आवडणार नाही, हीसुद्धा शक्यता धरून चाला. तुमची मैत्री कुठल्या एका अल्बमवर उभी नव्हती, तुम्ही एकमेकांना कॅसेट देत होता त्यावर होती.

बोलणं रंगलं, तर त्याचा पत्ता घ्या. कॅसेट उतरवायला आता यंत्र सापडणं कठीण, पण कार्ड करता येतं. एका कोऱ्या कार्डावर सतराच्या सतरा नावं स्वतःच्या हाताने, ओळीने लिहा, तिन्ही सेग्वेंसकट, म्हणजे तो मधलं काही वगळणार नाही. ‘डेलाइट’ शेवटी लिहा आणि त्याबद्दल एक अक्षर सांगू नका. शाई हिरवी मिळाली तर बघा. आणि पाकिटात एक कोरं कार्डही घाला, त्याच्या यादीसाठी.